रक्ताची गाळणी

(जालन्याच्या एमआयडीसीत, कामगार बंधुभगिनींच्या रात्रवर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी,

आज आम्ही लघवीविषयी बोलणार आहोत. हसलात? हसा, हसा. पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बायांनीही हसून घ्यावे. मग मात्र नीट ऐकावे. पोटात काय घालावे याविषयी आपण दिवसभर बोलतो. अंगातून काय बाहेर जाते आणि कसे जाते, हे बोलायची मात्र आपल्याला लाज वाटते. आम्हालाही वाटत असे. त्या लाजेची आणि आमच्या अज्ञानाची किंमत आमच्या घरात एक माणूस आज मोजतो आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी एक कबुली देतो. आम्ही डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेले, निवृत्त मुख्याध्यापक आहोत. गेल्या तीन वर्षांत दवाखान्याच्या बाकांवर पुष्कळ बसलो. डॉक्टरांना नाना प्रश्न विचारले. घरी येऊन ते वहीत उतरवले, पुस्तकांशी ताडून पाहिले. त्या वहीतलेच तुम्हाला सांगतो.

तुमच्यापैकी पुष्कळ जण भट्टीवर आहेत. म्हणून भट्टीपासूनच सुरुवात करू. भंगार येते. ते भट्टीत पडते. सोळाशे अंशांच्या आसपास त्याचे पाणी होते. मग वर काय तरंगते? आत्ता वर्गात शिरताना आम्ही हेच विचारले, तर मागच्या सतरंजीवरून चार जण एकदम ओरडले, "स्लॅग!" बरोबर. तो वेळेवर काढला नाही तर मालात उतरतो आणि सळई बिघडते. भट्टी कितीही चांगली असो, स्लॅग निघायचाच आणि तो काढायचाच.

आपले शरीरही भट्टीच आहे. तिच्यात भाकरी, डाळ, मटण पडते. त्यातून ताकद मिळते, अंग ऊबदार राहते. पण टाकाऊ जिन्नसही तयार होतात. ते बाहेर टाकायला शरीराने दारे ठेवली आहेत. आपण श्वास सोडतो तेव्हा फुप्फुसे एक वायू बाहेर टाकतात, त्याला कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात. कातडीतून घाम जातो. त्याचे मुख्य काम अंग थंड ठेवणे हे आहे, पण त्याबरोबर मीठ आणि थोडी घाणही जाते. तिसरे दार गुर्द्यांचे. आणि शौच? तुम्हाला नवल वाटेल, पण शौचात पडते ते बहुतेक न पचलेले अन्न, पाणी आणि आतड्यातले जंतू. ते रक्तात कधी गेलेलेच नसते. दाण्याचे टरफल जसे जात्यात न दळता बाजूला पडते तसे ते. यकृतातून आलेल्या पित्ताबरोबर रक्ताचा थोडा टाकाऊ रंग त्यात मिसळतो, म्हणून ते पिवळे-तपकिरी दिसते.

रक्तात मिसळलेली खरी घाण वेगळीच. डाळ, दूध, अंडी, मटण यांत प्रथिने असतात. शरीर ती वापरते, आणि उरलेल्या भागाचा यकृत युरिया बनवते. होय, नाव तेच. शेतात पोत्यातून टाकतो तो युरिया आणि हा युरिया एकच जिन्नस आहे. जनावराच्या मुतवणाने पीक का तरारते, ते आता समजले असेल. पिकाला जे खत, ते आपल्या रक्तात साठलेले चालत नाही. ते काढायचे काम गुर्द्यांचे.

गुर्दा म्हणा, किडनी म्हणा, पुस्तकात मूत्रपिंड लिहितात. मटणाच्या दुकानात कलेजीशेजारी बकऱ्याचा गुर्दा तुम्ही पाहिलेला आहे. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, लालसर तपकिरी. माणसाचाही तसाच, फक्त मोठा. मुठीएवढा, वजनाने दीडशे ग्रॅमच्या आसपास. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा. अंगठे पाठीमागे घ्या आणि शेवटच्या फासळ्यांपर्यंत वर सरकवा. तिथे, आतल्या बाजूला, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक गुर्दा आहे. उजवा जरा खाली असतो, कारण त्याच्यावर यकृत बसलेले आहे.

हृदयापासून निघालेल्या मोठ्या धमनीला दोन फांद्या फुटून त्या दोन गुर्द्यांत शिरतात. मिनिटाला लिटरभराहून जास्त रक्त त्यांतून जाते. अंगातले एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास. म्हणजे तुम्ही एक बिडी ओढून संपवता न संपवता तोच अंगातले सगळे रक्त गुर्द्यांतून एकदा फिरून येते. (बिडी ओढू नये हे आहेच. आम्ही ओढत होतो, उशिरा सोडली.)

एकेका गुर्द्यात सुमारे दहा लाख गाळण्या आहेत. दहा लाख! डोळ्यांना त्या दिसत नाहीत. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता, सुताच्या गुंडीसारखा. त्याच्याभोवती पेल्यासारखी पिशवी आणि पिशवीला लागून वळणावळणाची एक लांब नळी. रक्त त्या गुंत्यातून दाबाने जाते. पाणी, मीठ, साखर, युरिया हे बारीक जिन्नस पिशवीत गळतात. तांबड्या पेशी आणि मोठी प्रथिने रक्तातच राहतात. चहा गाळला की चोथा वर राहतो, तसे. मात्र इथे वर राहतो तो माल आणि खाली गळते त्यात घाण आहे.

पण घाणीबरोबर कामाचेही गळून गेले ना? तिथेच तर खरी गंमत आहे. या गाळण्यांतून दिवसाकाठी एकशे ऐंशी लिटर पाणी गळते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर बारा हंडे झाले. एवढी लघवी झाली असती तर माणूस दुपारपर्यंत वाळून गेला असता. मग होते काय? दिवाळीच्या आधी बाया घर झाडतात ते आठवा. एकेक वस्तू वेचून केर काढत बसत नाहीत. डबे, पाट, वाकळा, सगळे सामान आधी अंगणात काढतात. मग हवे ते पुसून परत आत नेतात आणि नको ते उकिरड्यावर टाकतात. गुर्दा असेच घर झाडतो. आधी सगळे नळीत काढतो. मग नळी चालता चालता साखर सगळीच्या सगळी परत घेते, पाणी शंभरातले नव्व्याण्णव भाग परत घेते, मीठ हवे तेवढे घेते. युरिया आणि इतर घाण पुढे जाऊ देते. शेवटी दीड लिटरच्या आसपास उरते. तीच लघवी. बाया वर्षातून एकदा घर झाडतात. गुर्दा रक्तातले पाणी दिवसातून साठ वेळा झाडून काढतो.

मधुमेहात रक्तातली साखर इतकी वाढते की नळीला ती सगळी परत आत घेता येत नाही. मग ती लघवीतून जाते. आमची आजी म्हणायची, "त्याच्या लघवीला मुंग्या लागतात, त्याला साखरेचा रोग." तिला अक्षर येत नव्हते, पण तिचे पाहणे बरोबर होते.

गुर्द्यातून लघवी वीतभराहून लांब नळीने थेंब थेंब खाली मूत्राशयात उतरते. मूत्राशय म्हणजे लवचिक पिशवी. दीडदोनशे मिलिलिटर साठले की पहिली जाणीव होते. चारपाचशे झाले की बसवत नाही. पिशवीला दोन झडपा आहेत. आतली आपोआप चालते, बाहेरची आपल्या हुकमात असते. तान्ह्या बाळाला तो हुकूम येत नाही. दोन-तीन वर्षांचे झाले की येऊ लागतो.

गुर्दे आणखीही कामे करतात. रक्तदाब सांभाळतात. हाडे घट्ट राहावीत म्हणून ड जीवनसत्त्व कामाला लावतात. नवे रक्त तयार कर, असा निरोपही हाडांच्या गराला तेच धाडतात. म्हणून गुर्दे खराब झालेला माणूस फिक्कट दिसतो.

आता तुमच्या कामाकडे येतो. आपल्या गावाविषयी म्हण आहे, "जालना, सोने का पालना." आता सोन्यापेक्षा सळईच जास्त म्हणावी लागेल. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि आत लाल झालेले बिलेट अंगावर येते. अशा कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो, कधी त्याहूनही जास्त. अंगातले पाणी उतरले की मेंदूला ते ताबडतोब कळते. तो गुर्द्यांना निरोप धाडतो, पाणी राखा. गुर्दे पाणी जास्तीत जास्त परत घेतात. लघवी थोडी होते, गडद होते, जळजळते. पण राखून राखून किती राखणार? युरिया बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. त्याहून कमी झाली तर घाण रक्तात मागे राहते.

आणि दाट लघवीचे दुसरे दुखणे म्हणजे मुतखडा. साखरेचा पाक आटवून ठेवला की कडेला खडे धरतात ना? तसेच लघवीतल्या क्षारांचे खडे गुर्द्यात धरतात. खडा नळीत उतरू लागला की पाठीतून जांघेपर्यंत अशी कळ येते की भलाभला गडी जमिनीवर लोळतो. कोणी सांगतो बिअर पी, खडा वाहून जाईल. हे साफ खोटे आहे. दारूने लघवी जास्त होते खरी, पण ती अंगातलेच पाणी ओढून. कोणी पाला खायला सांगतो. त्यावर विसंबून सोनोग्राफी टाळू नका. खड्याने नळी बंद झाली तर वरचा गुर्दा फुगून कामातून जातो.

मग पाणी प्यावे कसे? तहान लागेपर्यंत थांबून मग तांब्याभर घटाघटा पिणे बरे नाही. उष्णतेच्या कामात दर पंधरावीस मिनिटांनी पेलाभर प्यावे. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून जेवणात मीठ घातलेले ताक असावे. फार घाम गेला, पाय वळू लागले, तर ओआरएसची पुडी. ज्याला रक्तदाब आहे त्याने मात्र मिठाचे डॉक्टरांना विचारावे. आणि ज्याचे गुर्दे किंवा हृदय आधीच बिघडलेले आहे, त्याने आमचे ऐकून पाणी वाढवू नये. त्याला डॉक्टर मापून पाणी देतात.

लघवीचा रंग बघायला पैसे पडत नाहीत. वाळल्या गवताच्या काडीसारखी फिकी पिवळी असली तर ठीक. गडद पिवळी असली तर पाणी कमी पडते आहे. काळ्या चहासारखी किंवा लाल दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दूर अमेरिका खंडाच्या मधल्या भागात एल साल्वादोर आणि निकाराग्वा हे छोटे देश आहेत. तिथेही ऊस आहे, आणि ऊसतोड कामगार आहेत. आपल्या मराठवाड्यातून टोळ्या जातात, तसेच ते उन्हात दिवसभर तोडतात. तिथल्या तरण्याताठ्या माणसांचे गुर्दे निकामी होऊ लागले. ना मधुमेह, ना जुना रक्तदाब. २००२ साली एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी ही गोष्ट लिहून जगापुढे मांडली. कारणांवर अजून वाद आहे. पण रोजची उष्णता, अंगमेहनत आणि पाणी तुटणे यांचा त्यात मोठा हात आहे असे पुष्कळ डॉक्टर मानतात. पुढे तिथल्या एका कारखान्याच्या उसात प्रयोग झाला. तोडणाऱ्यांच्या पाठीवर पाण्याची पिशवी दिली, सावलीसाठी हलता मांडव दिला, विश्रांतीच्या वेळा ठरवल्या, कोयतेही सुधारून दिले. मुकादमाला वाटले असेल, आता काम बुडणार. पण दिवसाची तोड कमी झाली नाही, उलट वाढली. मालकापुढे बोलायची वेळ आली तर एवढे लक्षात असू द्या.

आता बायांचे बोलतो, आणि इथे आम्ही स्वतः गुन्हेगार आहोत. आम्ही छत्तीस वर्षे मास्तरकी केली. वर्गात पोर करंगळी वर करून विचारायचे, "गुरुजी, एकीला जाऊ?" आम्ही म्हणायचो, "बस खाली. आत्ताच सुट्टी झाली ना?" शिस्त म्हणून बसवायचो. ज्या गावात आम्ही प्रथम मुख्याध्यापक झालो, तिथे शाळेला मुलींसाठी मुतारी नव्हती. पोरगे भिंतीमागे जात. मुली काय करत होत्या, हा विचार आमच्या डोक्यात दोन वर्षे आला नाही. एकदा सातवीतली एक मुलगी प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. तिच्या आईला बोलावले. ती माय म्हणाली, "गुरुजी, ती सकाळपासून पाणीच पीत नाही. पेली तर जायचं कुठं?" आम्हाला मान वर करवली नाही. पुढच्या महिन्यात गावातून पत्रे आणि विटा मागून आडोसा उभा केला. पण दोन वर्षे गेली ती गेलीच.

शेतात खुरपणाऱ्या, बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या, इथे भंगार निवडणाऱ्या बाया आजही तेच करतात. जायला जागा नाही म्हणून पाणी पीत नाहीत, आणि आली तरी अंधार पडेपर्यंत दाबून धरतात. बाईची लघवीची बाहेरची नळी दीड इंचाच्या आसपास, पुरुषाची सातआठ इंचांची. बाहेरचे जंतू बाईच्या मूत्राशयात चटकन चढतात. वरचेवर लघवी झाली तर ते धुऊन जातात. दाबून धरली तर आत वाढतात. मग आग होते, थेंब थेंब होते. थंडी वाजून ताप आला आणि पाठीत दुखू लागले, तर जंतू वर गुर्द्यापर्यंत पोचले असे समजावे. पोटुशी बाईने तर एक दिवसही अंगावर काढू नये.

हे बायांच्या लाजेवर सोडायचे काम नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिले होते की, पिण्याच्या पाण्याच्या जागी बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' अशी पाटी हवी. अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी हवे. बायांसाठी वेगळे, बंदिस्त संडास-मुतारी हवी. आता त्या कायद्याची जागा २०२० साली मंजूर झालेल्या श्रमसंहितेने घेतली आहे. तिच्यातही पिण्याचे पाणी आणि बाया-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे देणे मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही आता वाचू लागला आहात. उद्या कामावर गेलात की ती पाटी आहे का, एवढे पाहा.

आता आमच्या घरची हकीकत.

आमचा धाकटा भाऊ. वीस वर्षे रोलिंग मिलमध्ये होता. कोणती मिल ते सांगत नाही, त्याचा इथे उपयोग नाही. कंबर दुखायची. सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी. गोळी खाल्ली की पाळी निभायची. गोळ्या आणून कोण द्यायचे? आम्हीच. पेन्शनला शहरात गेलो की औषधाच्या दुकानातून दोन पट्ट्या आणायचो, चिठ्ठी नाही, काही नाही. एका शिबिरात त्याचा रक्तदाब जास्त निघाला. पंधरा दिवस गोळी घेतली, बरे वाटले, सोडून दिली. रक्तदाबाची गोळी सोडली आणि कमरेची चालू ठेवली. उलटे करायला हवे होते.

मग सकाळी उठला की डोळ्यांखाली सूज दिसू लागली. जेवण जाईना. मळमळायचे. कोणी म्हणाले कावीळ, तर कावीळ उतरवून आणली. शेवटी चपला पायात जाईनात, तेव्हा रक्त तपासले. रक्तात क्रिएटिनिन नावाची एक घाण मोजतात. धडधाकट माणसात ती एकच्या आसपास असते. त्याची नऊ निघाली. दोन्ही गुर्दे आकसून लहान झाले होते. भाऊ डॉक्टरांशी भांडू लागला. "साहेब, मला लघवी तर साफ होती. रोज भरपूर होती. मग किडनी गेली कशी?"

मंडळी, हा प्रश्न नीट ध्यानात घ्या, कारण आपण सगळे असेच समजतो. बिघडलेल्या गुर्द्यातूनही पाणी पडत राहते, पुष्कळ पडते. त्यात घाण पुरेशी नसते, एवढेच. घाण मागे रक्तात राहते. आणि गुर्दे दुखत नाहीत. दहा लाखांतल्या काही गाळण्या बंद पडल्या तर उरलेल्या जास्त काम करतात, कुरकुर करत नाहीत. निम्म्या बंद पडेपर्यंत क्रिएटिनिनसुद्धा फारसे वाढत नाही. सूज, उलटी दिसू लागते तोवर बहुतेक गुर्दा गेलेला असतो.

डॉक्टरांना आम्ही विचारले, कशाने झाले? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, नक्की एकाचे नाव घेता येत नाही. रक्तदाब होता, वर्षानुवर्षांच्या गोळ्या होत्या, उष्णतेचे काम होते. घरी येऊन आम्ही गोळ्यांची जुनी पट्टी हातात घेतली. डायक्लोफिनॅक. नाव छापलेले होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, हेही छापलेले होते. आम्हाला वाचता येत होते. आम्ही वाचले नाही.

हे औषध विषच आहे असे नाही. डॉक्टर चार दिवसांसाठी देतात, ते मापून देतात. पण अशी वेदनेची औषधे गुर्द्यांकडे जाणारे रक्त कमी करतात. त्यात घामाने अंग वाळलेले असले तर दुप्पट मार बसतो. तुमच्यातल्या वयस्कर माणसांना गिधाडे आठवतात का? गावाबाहेर ढोर टाकले की आकाश काळे व्हायचे. नव्वदीच्या पुढे ती दिसेनाशी झाली. लोक म्हणाले, रोग आला. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधले. ढोराला दुखण्यावर हेच डायक्लोफिनॅक टोचायचे. ढोर मेले की ते मांसातून गिधाडाच्या पोटात जायचे, आणि गिधाडाचे गुर्दे बंद पडायचे. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. एवढा मोठा पक्षी, सडके मांस पचवणारा, आणि गेला तो गुर्द्यावर गेला.

भावाला आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. दर वेळी चार तास. हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जाते, पातळ पडद्याच्या नळ्यांतून फिरते. पडद्याच्या पलीकडे शुद्ध पाणी आणि क्षार. घाण तिकडे उतरते, रक्त परत अंगात येते. दुसरे महायुद्ध चालू असताना हॉलंड देशात कोल्फ नावाच्या डॉक्टरने १९४३ साली पहिले असे यंत्र केले. लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून. आताचे यंत्र चकचकीत असते, पण मर्म तेच. एका वेळेला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात आपले जालना टँकरच्या रांगेत उभे होते, ते आठवले की आम्हाला त्या बाकावर बसून कसेसे होते. आणि एवढे करून ते यंत्र गुर्द्याच्या कामाचा थोडाच भाग करते. भाऊ दिवसाला मोजून लिटरभर पाणी पितो. उन्हाळ्यात बर्फाचा खडा जिभेवर धरून बसतो. ज्याला कधी पाणी प्यायला वेळ नव्हता, त्याला आता प्यायची मनाई आहे.

दुसऱ्याचा गुर्दा बसवता येतो. अमेरिकेत १९५४ साली जुळ्या भावांत पहिल्यांदा ते यशस्वी झाले. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. एका गुर्द्यावर माणूस नीट जगतो. आमच्या वहिनी, म्हणजे भावाची बायको वयाने लहान पण आम्ही तिला वहिनीच म्हणतो, ती पहिल्या दिवशीच म्हणाली, माझा घ्या. तिचा रक्तदाब निघाला, डॉक्टर नको म्हणाले. आपल्या देशात जिवंतपणी गुर्दा देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. पाणी न पिता राबायचे त्यांनी, आणि द्यायचाही त्यांनीच. असो.

भावाचे नाव मरणोत्तर दात्याच्या यादीत लावले आहे. वाट पाहतो आहोत.

तपासणी अवघड नाही. रक्तदाब, रक्तातली साखर, लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन. रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट पाहतात. गुर्दे खराब होण्याची सगळ्यांत मोठी दोन कारणे हीच, मधुमेह आणि रक्तदाब. गाळणी फाटू लागली की रक्तातले प्रथिन लघवीत गळते. ते तपासणीत लवकर सापडते, आणि त्या वेळी औषधाने पुष्कळ वाचवता येते. लघवीला साबणासारखा फेस येऊन तो विरत नसेल तर तेवढ्यासाठीही दाखवून या. ज्यांच्याकडे ईएसआयचे कार्ड आहे त्यांनी ते पेटीत ठेवू नये. ते वापरायसाठी आहे.

बराच वेळ बोललो. पुढच्या ओळीतले दोघे जण मघापासून चुळबुळ करत आहेत, ते आम्ही पाहिले आहे. इमारतीच्या मागे मुतारी आहे, बायांची डावीकडे, तिथे आज दिवा लावून घेतला आहे. आधी जाऊन या. दाराशी माठ भरलेला आहे, येताना पेलाभर पाणी प्या. तोवर सिस्टर रक्तदाबाचे यंत्र मांडतील. पहिला हात आम्ही पुढे करतो, मग ओळीने या.